स्कॅन करून रद्दीत घालण्याआधी नकाशा उलटा करून बघा

प्रश्न थोडक्यात असा. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात भूगोल शिकवणाऱ्या मॅडम लिहितात की त्यांच्या महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग विद्यार्थ्यांअभावी कधीच बंद पडला. विभागाच्या खोलीत सहा लोखंडी कपाटं, नकाशांच्या गुंडाळ्या, दगडांच्या पेट्या, विहिरींच्या आणि पावसाच्या नोंदवह्या आहेत. शिवाय एका दिवंगत प्राध्यापकांची पत्र्याची ट्रंक आहे, ती त्यांच्या हातच्या वह्यांनी भरलेली. मे अखेर खोली रिकामी करून तिथे संगणक कक्ष करायचा आहे. वरून निरोप आलाय, "महत्त्वाचं तेवढं स्कॅन करा, बाकी रद्दीला द्या." महत्त्वाचं कसं ओळखायचं आणि सुरुवात कुठून करायची, असं त्या विचारतात.

मॅडम, मी विज्ञान ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी अधिक भूशास्त्राच्या संग्रहात. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिली सुचवणी ही की रद्दीवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगा. आणि दुसरी, कपाटं उघडा, पण आठवडाभर एकही वस्तू जागची हलवू नका.

हे दुसरं लोकांना पटत नाही. झाडू, फडकं आणि दोन मुलं घेऊन कामाला लागावंसं वाटतं. मीही तेच केलं होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका निवृत्त भूशास्त्रज्ञाचे कागद आमच्याकडे आले. मी नवा होतो आणि वर्गीकरणाची हौस होती. पत्रव्यवहार एकीकडे, नकाशे दुसरीकडे, वह्या सालाप्रमाणे, दगड जातीप्रमाणे अशी सगळी सुरेख मांडणी केली. खोक्यांवर मूळ काय लिहिलंय तेही न बघता खोकी फेकून दिली. मग दोन वर्षांनी एक संशोधक आला आणि म्हणाला, "ते साक्रीकडच्या फेरीतले नमुने दाखवा." माझ्याकडे वह्या होत्या, नकाशे होते, दगडही होते. पण कोणता दगड कोणत्या फेरीतला हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या माणसाने एकेका फेरीचं सगळं सामान एकेका खोक्यात ठेवलं होतं. खोकी मी फेकली होती. त्या संशोधकाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. चहा घेतला आणि गेला.

म्हणून आधी मोबाइल काढा. खोलीचा दारातून एक फोटो, मग प्रत्येक कपाटाचा, मग प्रत्येक खणाचा. कपाटांना खडूने क ते छ अशी अक्षरं द्या, खणांना वरून खाली आकडे. एका साध्या वहीत लिहा: "ग कपाट, तिसरा खण, डावीकडून निळी फाइल, तिच्यावर दगड, दगडाखाली चिठ्ठी." याला दोन दिवस लागतील. पुढे काहीही हललं, हरवलं, कुणी मदतीच्या भरात उचलून ठेवलं, तरी मूळ जागा सापडते. अभिलेखागाराच्या कामात मूळ क्रम म्हणतात तो हाच. पुस्तकांना विषयवार लावलं तर बिघडत नाही, कागदपत्रांना लावलं की ती मुकी होतात.

आता स्कॅनचं. स्कॅनला माझा विरोध नाही, पण "स्कॅन करा आणि रद्दीला द्या" याला आहे. कारण सांगतो, आणि ते तुम्ही तुमच्याच खोलीत आज तपासून बघू शकता.

त्या प्राध्यापकांनी वापरलेला एखादा जुना टोपोशीट घ्या, भारतीय सर्वेक्षण विभागाचा, एका इंचाला एक मैल या मापाचा. तो खिडकीसमोर उजेडात धरा. बहुतेक तुम्हाला त्यात बारीक भोकं दिसतील, सुईच्या टोकाएवढी. कसर खाते ती भोकं वेडीवाकडी असतात, ही अगदी गोल आणि नेटकी असतील. मग नकाशा उलटा करा. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने लिहिलेला आकडा सापडेल: १७, १८, १८ अ. रानात हिंडताना ज्या ठिकाणी दगड फोडला, तिथे नकाशाला सुई टोचायची आणि मागे क्रमांक टाकायचा, ही त्या पिढीची सवय. पुढच्या बाजूला लिहिलं तर नकाशा खराब होतो ना! आता ट्रंकेतली त्या सालची वही उघडा. अठराव्या क्रमांकाला दोन ओळी असतील, खडक कसला, थर किती जाड, कल कुठे. आणि पेटीतल्या एका दगडावर पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका, त्यावर काळ्या शाईने १८. भोक, आकडा, ओळ आणि ठिपका, या चार गोष्टी जुळल्या की तो दगड पुन्हा बोलायला लागतो. स्कॅन करणारा मुलगा पुढची बाजू स्कॅन करील, नकाशा रद्दीत जाईल, आणि चारातली एक कडी गेली की उरलेल्या तीन नुसती अडगळ.

एवढं समजलं की महत्त्वाचं काय हे ठरवणं सोपं जातं. ज्याच्या प्रती इतरत्र आहेत ते मागे, ज्याची जगात एकच प्रत आहे ते पुढे.

छापील पाठ्यपुस्तकं, जुन्या आवृत्त्या, कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळणारी नियतकालिकं यांचं निर्लेखन करायला हरकत नाही. समितीची सही घ्या, दाखलखात्यात लाल शेरा मारा आणि सोडून द्या. यात हळवं होऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची (स्थापना १८५१) जुनी प्रकाशनं असतील तर मात्र थोडं थांबा. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्याचं केलेलं सर्वेक्षण १८६९ साली या सर्वेक्षणाच्या 'मेमॉयर्स' नावाच्या प्रकाशनमालेच्या सहाव्या खंडात आलं. आपल्या भागाच्या भूशास्त्राचा तो पाया. मजकूर आज संगणकावर वाचता येतो, पण तुमच्या प्रतीच्या समासात कुणी पेन्सिलीने "हे चूक, आत्ता पाहिलं" असं लिहिलं असेल तर ती प्रत छापील राहिली नाही, हस्तलिखित झाली. शेवटी घडी करून चिकटवलेले नकाशे जागेवर आहेत का तेही बघा. जुन्या स्कॅनमध्ये ते बहुधा घडी न उलगडताच घेतलेले असतात.

एकच प्रत असलेल्या गोष्टी म्हणजे टिपणवह्या, विहिरींच्या आणि बोअरच्या नोंदी, पर्जन्यमापकाची वही, विद्यार्थ्यांचे न छापलेले प्रबंध, फोटो आणि त्यांच्या मागचा मजकूर, पत्रं. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. त्या काळच्या एखाद्या पत्रात "आमच्या घराची भिंत तडकली, उतरंड पडली" एवढं एक वाक्य सापडलं, तरी भूकंपाचा धक्का कुठवर किती जोराचा होता हे मांडणाऱ्याला ते मोलाचं असतं. पत्र घरगुती आहे म्हणून बाजूला टाकू नका.

विहिरींच्या नोंदवह्यांवर जरा जास्त लिहितो, कारण आपल्या भागात सगळ्यात आधी त्याच लागणार आहेत. रावेर, यावल, चोपडा ही केळीची पट्टी सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळावर उभी आहे. तापीच्या गाळात पाणी किती खाली गेलं, यावर रोज भाषणं होतात. पण पूर्वी ते कुठे होतं हे सांगणारा कागद किती जणांकडे आहे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. ती नोंद सत्तरच्या दशकापासून पुढची. त्याआधीच्या एखाद्या वहीत एखाद्या गावची विहीर मे महिन्यात किती खोल होती हे सापडलं, तर आलेखाची सुरुवात दहा-वीस वर्षं मागे सरकते. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीची पानं असतील तर मला फोटो जरूर पाठवा.

पण या वह्या वाचताना घसरायला होतं. खोली कुठून मोजली? जमिनीपासून की कठड्याच्या माथ्यापासून? कठडा तीन फुटी असेल तर सगळ्या विहिरीची पातळी तीन फुटांनी चुकते, आणि नेमका एखाद्या वर्षी मालकाने कठडा बांधून घेतला असेल तर आलेखात पाणी अचानक खाली गेल्यासारखं दिसतं. वहीच्या पहिल्या पानावर, पुठ्ठ्याच्या आत, कुठेतरी "कठड्यापासून" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते शोधा. काही नोंदी परस या विहिरीची खोली मोजायच्या जुन्या मापात असतील. परसाचं माप गावोगाव थोडं बदलतं, म्हणून लगेच मीटर करून मोकळे होऊ नका. जे लिहिलंय ते जसंच्या तसं एका रकान्यात, तुमचा हिशेब शेजारच्या रकान्यात. तुमचा हिशेब चुकला तर पुढच्याला दुरुस्त करता आला पाहिजे.

खडकांची नावंही तशीच ठेवा. विहीर खोदणाऱ्याने सांगितलेलं आणि प्राध्यापकांनी तसंच उतरवून घेतलेलं असेल: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग गेरू, मग काळा पाषाण. पोकळ्या भरलेल्या भुसभुशीत बेसॉल्टला मांजऱ्या हा इतका नेमका शब्द आहे की पुस्तकी नाव त्याच्यापुढे फिकं पडतं. गेरूचा पट्टा म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांमधला तांबडा थर. खोदणाऱ्याला तो किती फुटांवर लागला हे कळलं की एक प्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळतं. यादी करताना कुणी "शुद्ध" करायला लागलं तर हात धरा.

पावसाच्या वहीत दोन सापळे आहेत. जुन्या नोंदी इंच आणि सेंटमध्ये आहेत, म्हणजे इंचाचे शंभर भाग. २·३५ असं दिसलं तर ते २ इंच ३५ सेंट, म्हणजे जवळपास ६० मिलिमीटर. चांगला झोडपणारा पाऊस झाला. संगणकात भरणाऱ्या मुलाने तेच २·३५ मिलिमीटर म्हणून भरलं की तो दिवस पावसाळी दिवसांतूनच गळतो, कारण हवामान खात्याच्या हिशेबात २·५ मिलिमीटरच्या आतला दिवस पावसाळी धरत नाहीत. दुसरा सापळा तारखेचा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मोजला त्या तारखेला लिहितात. म्हणजे १५ तारखेसमोरचा आकडा हा मुख्यतः १४ च्या दुपार-रात्रीचा पाऊस. पांझरेला १८७२ साली धुळ्यात मोठा पूर आला होता. तसल्या कुठल्याही पुराची तारीख आणि पावसाची तारीख जुळवताना एक दिवस पुढे-मागे होतोय असं वाटलं, तर आधी हे आठवा, मग कागदावर शंका घ्या.

कुणी म्हणेल, जुने आकडे कोण विचारतं? कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ च्या सप्टेंबरमध्ये निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून चुंबकीय उपकरणाचे आकडे वहीत लिहिले. त्या दिवशी आकडे भलतेच खाली गेले होते, पण त्यांनी नेमून दिलेलं काम केलं आणि वह्या पुढे छापूनही निघाल्या. जवळपास दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, त्या आकड्यांवरून इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या सौर वादळांपैकी एकाचा जोर किती होता हे मांडलं गेलं. लिहिणाऱ्याला सौर वादळ हा शब्दही माहीत नव्हता.

आपल्या खानदेशातलंही एक उदाहरण आहे, आणि ते मला फार आवडतं. २९ जून १८४३ ला एदलाबादजवळच्या मानेगावात उल्का पडली. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. कॅप्टन जेम्स अ‍ॅबट यांनी त्याचा वृत्तांत लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. दगड अगदीच थोडा उरलाय. तो डायोजेनाइट जातीचा आहे, आणि ही जात वेस्टा या लघुग्रहावरून आलेली मानतात. गाव, तारीख आणि साक्षीदारांचं म्हणणं कागदावर आलं नसतं, तर ती मूठभर वस्तू एखाद्या कपाटात "ठिसूळ करडा दगड" म्हणून पडून राहिली असती.

या उदाहरणात दुसरी एक गोष्ट लपली आहे. एदलाबाद म्हणून शोधणाऱ्याला मुक्ताईनगर सापडत नाही, आणि उलटही. तुमच्या यादीत दोन्ही नावं हवीत. जिल्ह्यांचंही तसंच: १९०६ पर्यंत नुसता खानदेश, मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, पुढे जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार वेगळा. शहाद्याची एकच विहीर सालाप्रमाणे चार वेगवेगळ्या जिल्ह्यांत नोंदलेली सापडू शकते. वहीत जे लिहिलंय ते आधी, आजचं नाव पुढच्या रकान्यात.

नकाशांच्या क्रमांकांतही असाच घोळ होतो. २१ अंशाचा अक्षांश जळगावच्या अंगणातून जातो, त्यामुळे शहराच्या उत्तरेचा मुलूख ४६ ओ या क्रमांकाच्या नकाशात आणि दक्षिणेचा ४६ पी मध्ये. धुळे ४६ एल, नंदुरबार ४६ के. आणि ७६ अंशाचा रेखांश सावदा आणि रावेर यांच्या मधून जातो, म्हणून रावेर थेट ५५ सी मध्ये पडतं. केळीच्या पट्ट्याचे नकाशे शोधताना सगळे ४६ चं पुडकं चाळतात आणि "रावेरचा नाहीच" म्हणून सांगतात. तो पलीकडच्या पुडक्यात असतो. अजून एक: जुना नकाशा संगणकावर आजच्या नकाशावर बसवला की विहिरी शंभरेक मीटरने सरकलेल्या दिसतात. जुने नकाशे पृथ्वीचा आकार एका ठरावीक मापाचा, म्हणजे एव्हरेस्ट गोलाभ, धरून काढलेले आहेत, आजचा जीपीएस वेगळा गोलाभ धरतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत हे सांगितलं की जागेवर येतं. प्राध्यापकांनी चूक केली असा निष्कर्ष काढू नका.

विमानातून घेतलेले फोटो सापडले तर ते नेटवर टाकू नका. त्यांतले बरेचसे निर्बंधित असत. यादी करून कुलपात ठेवा आणि प्राचार्यांना लेखी कळवा. त्याचप्रमाणे सरकारी कार्यालयाचे मूळ कागद चुकून विभागात राहून गेले असतील, तर ते रद्दीत घालण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. प्राचार्य घाईत असतील तर हे एक वाक्य पुरतं, असा माझा अनुभव आहे.

आता कागदाची तब्येत. लॅमिनेशन करू नका. अजिबात नाही. एका ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत चाळीस नकाशे दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये दाबून आणले, कौतुक झालं, पेपरात फोटो आला. आज ते प्लास्टिक कडांना सुटलंय, आत पिवळं पडलंय, आणि काढायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. मागचे आकडे तर गेलेच. सेलोटेपही नको. फाटलं असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. तेही शिकून घेऊन, आधी एखाद्या रद्दी कागदावर हात बसवून. मोरचूद घातलेली दुकानातली खळ वापरू नका.

निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा असलेल्या ब्लू प्रिंट आणि अमोनिया प्रिंट हे वेगळे प्राणी. दोन्ही उजेडाने उडतात. अमोनिया प्रिंटमधून निघणारा वायू शेजारच्या कागदाला डाग पाडतो, म्हणून त्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा. आणि जुन्या कागदांसाठी जो क्षारयुक्त, आम्लरोधक कागद चांगला म्हणून सांगतात, तो ब्लू प्रिंटला मात्र चालत नाही, निळा रंग फिका पडतो. तिला साधा आम्लविरहित कागद.

खोलीला कूलर लावू नका. हे मी तीनदा लिहिलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि माणूस आधी कूलरकडे धावतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा माणसाला सुख देते आणि कागदाला बुरशी. कोरडं ऊन कागदाला कडक करतं, पण ते एक वेळ परवडलं. दमट-कोरडं-दमट असं रोज होणं परवडत नाही. पंखा ठीक, दुपारी खिडक्या बंद, पहाटे उघड्या. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे वाळवीची माती भिंतीवरून चढताना दिसते. डांबरगोळ्यांनी कसर मरत नाही, फक्त तुमचं डोकं दुखतं. कीड लागलेली वही प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि आइस्क्रीमवाल्याच्या उणे २० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर बसतं. आमच्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याने मला असे दोन खण वर्षभर दिले होते, भाड्याबद्दल फक्त "काय सर, पुस्तकं गारठली का?" एवढं ऐकून घ्यावं लागलं.

दगडांकडे वळतो. आमच्या ग्रंथालयातला शिपाई पहिल्यांदा पेट्या उचलताना म्हणाला होता, "सर, ह्या दगड काय कामना शेतस?" प्रश्न रास्त होता. ठिकाण नसलेला दगड खरंच काही कामाचा नाही. म्हणून दगड धुवू नका, ठिपका निघतो. चिठ्ठी दगडाखालून काढून "नीट" फाइलमध्ये लावू नका. चिठ्ठी आणि दगड एकाच पिशवीत, आणि तोच क्रमांक पिशवीवर. जळगाव-सावदा भागातल्या खाणी आणि विहिरींतून निघालेली झिओलाइट आणि त्यांच्याबरोबरची अ‍ॅपोफिलाइट ही स्फटिकी खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, तेव्हा तुमच्या पेट्यांतही ती निघतीलच. त्यात लोमोंटाइट नावाचं पांढरं खनिज असतं. ते कोरड्या हवेत पाणी सोडून पिठासारखं भुगा होतं. पेटीत पांढरा भुगा आणि वर चिठ्ठी असं दिसलं तर झाडून टाकू नका, तोच नमुना आहे. चकचकीत स्फटिकांची पेटी कुलपात ठेवा. या मालाला बाहेर किंमत आहे, आणि विचारायला येणारे लोक फार गोड बोलतात.

काळे, बेढब दगड मात्र कुणी मागणार नाही, आणि मला विचाराल तर खरी मोलाची पेटी ती. नंदुरबार-धुळे पट्ट्यात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या डाइक आहेत, जमिनीतून उभ्या निघालेल्या काळ्या दगडाच्या भिंती. लाव्हा कुठल्या भेगांतून वर आला याचा त्या पुरावा, आणि विहिरीचं पाणी अडवायचं की वाहू द्यायचं हेही कित्येकदा त्याच ठरवतात. त्यांतल्या काही आज खडीच्या क्रशरमध्ये गेल्या. जागेवर खड्डा उरलाय. प्राध्यापकांच्या वहीत तिची दिशा आणि रुंदी असेल आणि पेटीत तिचा तुकडा असेल, तर ती डाइक आता तुमच्या कपाटातच आहे.

स्कॅनबद्दल मोजकंच. ४०० डीपीआय, टिफ प्रकारची फाइल, दोन्ही बाजू, कडेला सेंटिमीटरची पट्टी ठेवून. वह्यांना सपाट दाबणारा स्कॅनर नको, वरून कॅमेरा लावा, पुठ्ठे मोडत नाहीत. कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पुढे कुणी विचारतं की मधलं पान कोणी फाडलं. फाइलचं नाव कपाट-खण-वस्तू-पान असं. तीन प्रती, त्यातली एक इमारतीबाहेर.

संग्रह महाविद्यालयाला सांभाळायचाच नसेल, तर तो फोडून वाटू नका. नकाशे भूगोलाला, दगड शाळेला, वह्या घरच्यांना, असा "सगळ्यांचं समाधान" करणारा तोडगा बैठकीत नक्की निघेल. त्याला नाही म्हणा. जळगावच्या विद्यापीठातल्या पर्यावरण आणि भूविज्ञान विभागाला लिहून विचारा, पण पूर्ण संग्रह, यादीसकट, लेखी करारावर. विहिरींच्या नोंदींची एक प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या. प्राध्यापकांच्या घरच्यांची लेखी संमती आधी घ्या, आणि त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा वह्यांतली अक्षरं न लागलेली पानं बरोबर न्या. बायको-मुलांना ते हस्ताक्षर वाचता येतं. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या कागदांभोवती संशोधन मंडळ उभं राहिलं आणि आजही लोक तिथे दप्तरं बघायला जातात. मोडीचं दप्तर आणि विहिरीची नोंदवही यांत मला तरी फरक वाटत नाही.

राहिल्या गुंडाळ्या. तुम्ही लिहिलंय की कापड लावलेल्या नकाशांच्या बारा-पंधरा गुंडाळ्या इतक्या ताठ झाल्यात की उघडल्या जात नाहीत, आणि कुणीतरी त्या उन्हात तापवून बघा म्हणालं. उन्हात नेऊ नका, आणि आत्ता उघडूच नका. या दिवसांत कागद पापडासारखा असतो, अर्ध्यात मोडेल. गुंडाळी आहे तशी जुन्या धुतलेल्या सुती धोतरात बांधा, वर क्रमांक लिहा, आडवी ठेवा. कुठल्याही खोलीत चालेल, फक्त गळकी नको. श्रावणात हवा ओलावली की कागद आपोआप सैल पडतो, तेव्हा दोघांनी मिळून टेबलावर दिवसाला वीतभर उलगडायचा, कडेला वाळूच्या लांबट पिशव्या ठेवायच्या. पहिली गुंडाळी मागच्या बाजूने बघा, भोकं किती आहेत ते मोजा आणि मला कळवा.